विवर ओळखणं वेगळं, यानाची जागा सांगणं वेगळं

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पाचा अहवाल पाठवून विचारलं आहे: "चंद्राच्या फोटोंमधली विवरं शोधणारं न्यूरल नेटवर्क आमच्या गटाने तयार केलं आहे. चाचणीच्या फोटोंमध्ये ते दहातली नऊ विवरं बरोबर शोधतं. मग फोटो बघून थेट यानाचं स्थान सांगायलाही त्यालाच शिकवलं तर? हे जमण्यासारखं असेल, तर आजवरच्या मोठ्या मोहिमा जुन्याच पद्धतींवर का विसंबल्या? आणि लोणारला ड्रोन उडवून आम्हाला चाचणी घेता येईल का?"

आधी थेट उत्तर देतो. विवर शोधायचं काम नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, जरूर द्या, त्यात ते जुन्या पद्धतींपेक्षा सरस ठरू शकतं. पण यान कुठे आहे हा निर्णय त्याच्या हाती देऊ नका. तो भूमितीने आणि फिल्टरने घ्यावा; फिल्टर म्हणजे वेगवेगळी मापं त्यांच्या अनिश्चिततेनुसार तोलून स्थानाचा अंदाज सुधारत नेणारं गणित. नेटवर्क चुकलं तर ते पकडणारं कुणीतरी त्याच्या बाहेर असलं पाहिजे, आणि त्या पकडणाऱ्याला चूक किती आणि कोणत्या दिशेला असू शकते हे आधी माहीत असलं पाहिजे. बरेच विद्यार्थी-प्रकल्प नेमके इथे अपुरे राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यान उतरायला लागतं तेव्हा आपली जागा त्याला ढोबळच माहीत असते. पृथ्वीवरच्या अँटेनांनी रेडिओ संदेशांवरून काढलेली कक्षा हा पाया. तिथून पुढे यानातले जायरोस्कोप आणि त्वरणमापी क्षणाक्षणाचा बदल मोजतात आणि संगणक त्यांची बेरीज करत राहतो. बेरजेबरोबर चूकही साठते. नासाचं पर्सिव्हिअरन्स १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलं. पॅराशूटखाली लटकलेलं असताना त्याच्या स्थानातली चूक ३.२ किलोमीटरपर्यंत असू शकेल, असं धरूनच त्याची आखणी झाली होती. त्या दिवशी मंगळावरून निघालेला संदेश पृथ्वीवर पोहोचायला ११ मिनिटांहून जास्त लागत होते, आणि वातावरणात शिरण्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा सगळा प्रवास सुमारे सात मिनिटांचा. म्हणजे जे काही ठरवायचं ते यानालाच.

अशा वेळी खाली दिसणाऱ्या ओळखीच्या खुणा उपयोगी पडतात. कोकणातले मच्छीमार किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून समुद्रातली जागा ओळखतात, त्यातलाच हा प्रकार. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक पिक्सेलला एक दिशा असते. नकाशावर ज्याचं स्थान पक्कं माहीत आहे असं विवर एखाद्या पिक्सेलवर दिसलं, की यानापासून त्या विवराकडे जाणारी एक रेषा मिळते. अशा तीन-चार रेषा जुळल्या की स्थान आणि कॅमेऱ्याचा कल दोन्ही निघतात. प्रत्यक्षात मात्र डझनभर खुणा हव्यात, कारण त्यातल्या काही हमखास चुकीच्या निघतात.

आकडे हाताशी असू द्या. पर्सिव्हिअरन्सच्या खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याचा फोटो १०२४ × १०२४ पिक्सेलचा आणि दृष्टिक्षेप ९० अंशांचा होता. सुमारे ४.२ किलोमीटर उंचीवर त्याने काम सुरू केलं. तिथून सरळ खाली पाहिलं तर सुमारे ८.४ किलोमीटर रुंदीची जमीन फोटोत येते, म्हणजे एक पिक्सेल साधारण ८ मीटरचा. त्याच उंचीवर यानाच्या कलाचा अंदाज नुसता ०.१ अंशाने चुकला तरी जमिनीवर ७ मीटरचा फरक पडतो. तुमच्या नेटवर्कने विवराचा मध्य तीन पिक्सेल बाजूला दाखवला तर २५ मीटर गेले. 'नव्वद टक्के अचूक' या शब्दांत यातलं काहीच दिसत नाही. किती विवरं सापडली हे त्यातून कळतं, मध्य किती सरकला हे कळत नाही. दिशादर्शनाला मात्र दुसऱ्याच आकड्याशी कर्तव्य असतं.

पर्सिव्हिअरन्सने नेटवर्कशिवाय हे कसं साधलं ते पाहू, म्हणजे नेटवर्कची गरज नेमकी कुठे उभी राहते ते कळेल. मंगळाभोवती फिरणाऱ्या एमआरओ यानाने घेतलेल्या फोटोंवरून जेझेरो विवराचा नकाशा आधीच तयार करून यानात ठेवला होता. सोबत धोक्याचा नकाशाही होता: कुठे कडा आहे, कुठे दगड, कुठे वाळू. उष्णताढाल सुटल्यावर कॅमेऱ्याने फोटो घ्यायला सुरुवात केली. आधी मोजके मोठे तुकडे नकाशाशी जुळवून किलोमीटरची चूक आवाक्यात आणली, मग बरेच छोटे तुकडे जुळवून ती ४० मीटरच्या आसपास आणणं हे उद्दिष्ट होतं. जुळवणी म्हणजे साधा सहसंबंध: नकाशाचा तुकडा फोटोवर सरकवत न्यायचा आणि तो सर्वांत चांगला कुठे बसतो ते पाहायचं. जे तुकडे बाकीच्यांशी विसंगत उत्तर देत होते ते वगळले जात. हे सगळं काही सेकंदांत, एफपीजीए चिपच्या (कामानुसार आतली जोडणी ठरवता येणाऱ्या चिपच्या) मदतीने.

हा साधा सहसंबंध पुरला, त्यामागे एक फार मोठी सवलत होती, आणि तिची चर्चा क्वचित होते. एमआरओची कक्षा अशी आहे की ते खालच्या जमिनीवरून स्थानिक वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास जातं. पर्सिव्हिअरन्स उतरलं ते तिथल्या चारच्या सुमारास. नकाशातल्या सावल्या आणि कॅमेऱ्यातल्या सावल्या जवळपास एकाच बाजूला, जवळपास सारख्याच लांबीच्या. ऊन बदललं नाही, म्हणून चित्र बदललं नाही.

ही सवलत नसते तेव्हा काय करायचं, याचं एक उत्तर नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने दिलं. बेन्नू हा जेमतेम अर्धा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह. यान डिसेंबर २०१८ मध्ये तिथे पोहोचलं आणि पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा कितीतरी खडकाळ निघाला. मूळ योजना लेझरने उंची मोजत ५० मीटर व्यासाच्या मोकळ्या जागेवर टेकायची होती. अशी जागाच नव्हती. निवडलेल्या 'नाइटिंगेल' जागेत सुरक्षित पट्टा साधारण ८ मीटरचा. मग लेझर बाजूला ठेवून कॅमेऱ्याने खुणा ओळखत उतरायचं ठरलं. त्यासाठी बेन्नूवरच्या दगडांचे आणि खाचखळग्यांचे छोटे त्रिमितीय नमुने पृथ्वीवर तयार करून यानात भरले. खाली जाताना यान स्वतःलाच विचारत होतं की मी अमुक ठिकाणी असेन आणि सूर्य अमुक दिशेला असेल, तर हा दगड कसा दिसायला हवा? तसं चित्र ते स्वतः तयार करी आणि मग कॅमेऱ्यातल्या चित्राशी ताडून पाही. म्हणजे बदललेल्या उन्हाला तोंड द्यायला त्यांनी भौतिकशास्त्र वापरलं. २० ऑक्टोबर २०२० रोजी यान लक्ष्यापासून सुमारे एक मीटरवर टेकलं, पृथ्वीपासून ३३ कोटी किलोमीटरहून जास्त अंतरावर. पाच मीटर उंचीवरही शेवटची तपासणी होती: टेकण्याची जागा धोक्याच्या पट्ट्यात येतेय असं दिसलं तर यानाने आपणहून माघार घ्यायची. या पद्धतीची किंमत म्हणजे आधीचं काम. दोन वर्षांच्या आसपास फोटो, वेगवेगळ्या उन्हातले, वेगवेगळ्या कोनांतले, आणि त्यांवरून एकेक खूण घडवणारी माणसं.

आता चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे या. चंद्राचा अक्ष फक्त दीड अंश कललेला असल्यामुळे ध्रुवाजवळ सूर्य कायम क्षितिजाला चिकटून फिरतो. सावल्या लांबलचक, आणि महिन्याभरात त्या सगळ्या दिशांना वळतात. नकाशासाठी घेतलेला फोटो आणि उतरण्याच्या दिवसाचा फोटो हे दोन वेगळ्याच प्रदेशांचे वाटावेत इतके निराळे असू शकतात. इथे साधा सहसंबंध कोसळतो. प्रत्येक खुणेचा त्रिमितीय नमुना करायचा तर अतिशय बारीक उंचीचा नकाशा लागतो, आणि कायम सावलीत असलेल्या भागांचे चांगले फोटो मिळत नाहीत. उन्हाची दिशा बदलली तरी तेच विवर ओळखणं हे काम मशीन लर्निंगला खरोखर साधतं. तुमच्या प्रकल्पाची जागा हीच आहे, आणि ती महत्त्वाची आहे.

टोरांटो विद्यापीठातल्या आरी सिल्बर्ट आणि सहकाऱ्यांचं काम तुम्ही वाचलं असेलच, तुमच्या नेटवर्कची रचना त्याच वळणाची दिसते. माणसांनी नोंदवलेल्या चाचणी-संचातली ९२ टक्के विवरं त्यांच्या नेटवर्कने शोधली, शिवाय नोंदीत नसलेली असंख्य नवी काढली. पण त्यांनी नेटवर्कला दिलेली चित्रं कॅमेऱ्याची नव्हती, उंचीच्या नकाशाची होती. उंचीच्या नकाशात ऊन-सावली नसते. सगळ्यात अवघड भाग तिथे आपोआप टळला. विवरांची यादी करणं हाच त्यांचा हेतू असल्याने त्यांच्यासाठी ते योग्यच होतं. यानाला मात्र कॅमेऱ्याचाच फोटो मिळतो. पुढे २०२० मध्ये एमआयटीतल्या गटाने 'ल्युनानेट' तयार केलं, त्यात कॅमेऱ्याच्या फोटोंवरून विवरं शोधून ती नकाशाशी जुळवण्यापर्यंत मजल मारली. तुम्हाला त्या वाटेने जायचं आहे.

आता मध्य सरकण्याची गोष्ट जवळून बघू. पूर्वेकडून तिरपं ऊन पडलंय असं धरा. गोल विवराची पश्चिमेकडची आतली भिंत उजळते, पूर्वेकडची काळोखात जाते. विवराची पूर्वेकडची कडा आणि बाहेरची सपाट जमीन यांत मोठा फरक दिसत नाही, सावली मात्र ठळक दिसते. आता नेटवर्क चौकट किंवा लंबवर्तुळ काढतं ते ठळक भागाला धरून. परिणामी मध्य थोडा सरकतो. एका विवराचा सरकतो, शेजारच्याचा सरकतो, आणि सगळ्यांचा एकाच दिशेला सरकतो, कारण सूर्य सगळ्यांना एकच आहे.

हे का घातक आहे? एक पिक्सेल १० मीटरचा आहे आणि प्रत्येक मध्यात तीन पिक्सेलची चूक आहे, म्हणजे ३० मीटर. चुका स्वैर असतील, कुणाची इकडे, कुणाची तिकडे, तर ४० विवरांची सरासरी घेतल्यावर ती पाचेक मीटरवर येते. चुका एकाच दिशेच्या असतील तर ४० विवरं घ्या नाहीतर ४००, ती ३० मीटरच राहते. वर कालमन फिल्टरला (अशा गणिताच्या रूढ प्रकाराला) वाटतं की एवढी मापं एकमुखाने बोलताहेत म्हणजे उत्तर पक्कंच. तो आपली अनिश्चितता कमी करत नेतो, आणि चुकीच्या जागी ठाम उभा राहतो. एकमेकांशी विसंगत खुणा वगळणारी कोणतीही पद्धत इथे कामाची नाही, कारण विसंगती मुळी नाहीच.

म्हणून माझा पहिला आग्रह: टक्केवारी बाजूला ठेवा आणि एक आलेख काढा. उंचीच्या नकाशावरून एकाच प्रदेशाची चित्रं तयार करा, सूर्य क्षितिजापासून ५, १०, २० आणि ४० अंशांवर, आणि प्रत्येक उंचीला चहूबाजूंनी फिरवत. प्रत्येक चित्रात नेटवर्कचा मध्य आणि खरा मध्य यांतला फरक बाणाने दाखवा. बाण सूर्याबरोबर फिरताना दिसले तर तुमची चूक पद्धतशीर आहे. तसे ते फिरतील अशी माझी अपेक्षा आहे. यावर उपायही आहे. फोटो काढण्याच्या क्षणी सूर्य कुठे आहे हे यानाला आधीच माहीत असतं, तर ती दिशा नेटवर्कला फोटोबरोबर द्या. किंवा या चुकीला गणिती रूप देऊन ती फिल्टरमध्ये एक अज्ञात राशी म्हणून ठेवा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण त्यात चूक झाकली जात नाही, मोजली जाते.

दुसरी बाब नेटवर्कच्या 'विश्वासाची'. नेटवर्क प्रत्येक विवरासोबत ०.९७ असा काहीतरी आकडा देतं. तो आकडा घेऊन थेट फिल्टरमध्ये टाकणारे प्रकल्प मी पाहतो. फिल्टरला हवं असतं ते वेगळंच: हे माप क्ष-दिशेला किती पिक्सेलने आणि य-दिशेला किती पिक्सेलने चुकू शकतं. ०.९७ म्हणजे 'हे विवरच आहे याची मला खात्री वाटते' एवढंच, आणि ती खात्रीही प्रशिक्षणात न पाहिलेल्या जमिनीवर फसवी ठरते. वेगळ्या चाचणी-संचावर खऱ्या चुका मोजा, विवराचा आकार आणि सूर्याची उंची यांनुसार त्यांचे गट करा आणि त्यावरून अनिश्चितता ठरवा. मग प्रत्येक नव्या मापाला दारातच अडवून विचारा: माझ्या अंदाजापासून तू किती दूर, आणि इतकं दूर असणं अपेक्षित होतं का? त्या अंतराचा वर्ग अपेक्षित अनिश्चिततेच्या वर्गाने भागला, तर दोन मितींसाठी ९९ टक्क्यांची मर्यादा ९.२१ आहे. तिच्या पलीकडचं माप संशयास्पद.

पण या दरवानावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एप्रिल २०२३ मध्ये जपानी कंपनी आयस्पेसचं हाकुतो-आर यान चंद्रावर अॅटलस विवराजवळ उतरत होतं. विवराच्या कड्यावरून जाताना खालची जमीन एकदम सुमारे तीन किलोमीटर खोल गेली. रडार उंचीमापकाने खरी उंची सांगितली. सॉफ्टवेअरला मात्र तेवढी उडी अशक्य वाटली, त्याने उपकरणच बिघडलंय असं ठरवून त्याचं माप नाकारलं. यान आपण जमिनीजवळ आहोत असं समजून अंतराळात सुमारे पाच किलोमीटर उंचीवर इंधन संपेपर्यंत हळूहळू उतरत राहिलं, आणि मग कोसळलं. उतरण्याची जागा आखणीच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर बदलली होती आणि नव्या जागेच्या कड्यांचा पुरेसा विचार सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत झाला नव्हता. म्हणून दार बंद करायची मर्यादा ठरवताना ती कोणत्या जमिनीवर ठरवली हेही लिहून ठेवा, आणि सलग कितीतरी मापं नाकारली जाताहेत तर चूक आपल्या अंदाजात असेल का, हे विचारायची सोय ठेवा.

खुणाच नसल्या तर काय होतं हे मंगळावर उडणाऱ्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरने दाखवलं. त्याचा कॅमेरा जमिनीवरच्या बारीकसारीक खुणांचा माग ठेवून वेग काढायचा. १८ जानेवारी २०२४ च्या ७२व्या उड्डाणात खाली जवळपास एकसुरी वाळूच्या लाटा होत्या, माग ठेवावा असं फारसं काही नव्हतं. वेगाचा अंदाज चुकला, उतरताना जोराचा धक्का बसला आणि पाती तुटली. त्याआधीचं मे २०२१ मधलं सहावं उड्डाण मला शिकवण्याच्या दृष्टीने याहून मोलाचं वाटतं. सुमारे ५४व्या सेकंदाला एक फोटो, फक्त एक, वाटेत हरवला. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोवर चुकीच्या वेळेचा शिक्का बसला. कॅमेरा उत्तम, गणित बरोबर, पण संगणक प्रत्येक फोटो चुकीच्या क्षणाचा समजत होता. हेलिकॉप्टर वीस अंशांहून जास्त झुलू लागलं. अखेरच्या टप्प्यात कॅमेऱ्याचं न ऐकता उतरायचं, असं आधीपासून ठरवलेलं होतं, म्हणून ते सुखरूप खाली आलं. तुमच्या नेटवर्कला एका फोटोला अर्धा सेकंद लागत असेल तर फिल्टरला ते माप अर्ध्या सेकंदापूर्वीचं म्हणून द्यावं लागेल. सेकंदाला १०० मीटरच्या वेगाने सरकणारं यान अर्ध्या सेकंदात ५० मीटर गेलेलं असतं. तुमच्या अहवालात वेळेच्या शिक्क्यावर एक ओळ नाही, तिथे एक प्रकरण हवं.

आता 'मोहिमांनी नेटवर्क का वापरलं नाही' याचा उरलेला भाग. पहिलं कारण संगणकाचं. अंतराळातल्या किरणोत्सर्गात टिकणारे प्रोसेसर आपल्या खिशातल्या फोनपेक्षाही खूप मागचे असतात. पर्सिव्हिअरन्सच्या मुख्य संगणकातला आरएडी७५० सेकंदाला सुमारे २० कोटी ठोक्यांच्या गतीचा. ही अडचण कमी होते आहे: इन्जेन्युइटीत फोनमधला स्नॅपड्रॅगन ८०१ होता, आणि युरोपच्या फायसॅट-१ उपग्रहाने २०२० मध्ये ढगाळ फोटो कक्षेतच वगळण्यासाठी मिरियाड-२ चिपवर न्यूरल नेटवर्क चालवलं. दुसरं कारण जास्त टिकाऊ आहे: पडताळणी. सहसंबंध कधी फसतो हे कागदावर मांडता येतं. शिकताना ठरलेल्या लाखो भार-संख्यांचं नेटवर्क कधी फसेल हे तसं मांडता येत नाही, आणि उतरण्याची संधी एकदाच असते. जपानच्या स्लिम यानाने जानेवारी २०२४ मध्ये विवरं ओळखतच दिशा शोधली, तेही एफपीजीएवर चालणाऱ्या, नीट तपासता येणाऱ्या पद्धतीने. ५० मीटर उंचीवर एका इंजिनाचं तोंड गळून पडलं तरी यान लक्ष्यापासून ५५ मीटरवर टेकलं, तिरकं होऊन. दिशादर्शनाने आपलं काम चोख केलं होतं.

आपल्या चंद्रयान-३ ची आखणीही याच दृष्टीने वाचण्यासारखी आहे. एकाच उपकरणावर भिस्त नाही: स्थान ओळखायला एक कॅमेरा, आडवा वेग मोजायला एक कॅमेरा, धोके टाळायला एक कॅमेरा, शिवाय लेझर आणि रडार उंचीमापक, आणि या वेळी नव्याने घेतलेला लेझर डॉप्लर वेगमापक. उतरण्याची जागाही चंद्रयान-२ च्या ५०० × ५०० मीटरवरून ४ × २.४ किलोमीटर केली. लक्ष्य मोठं करणं हीसुद्धा अभियांत्रिकीच आहे, आणि २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी तिचं फळ मिळालं.

डेटाबद्दल दोन सूचना. तुम्ही चंद्राच्या फोटोंचे तुकडे करून ते यादृच्छिक रीतीने प्रशिक्षण आणि चाचणी यांत वाटले असतील, तर शेजारचे, एकमेकांवर चढलेले तुकडे दोन्हीकडे गेले असणार. मग नेटवर्कने ओळखलेली विवरं त्याने आधीच पाहिलेली होती. वाटणी प्रदेशानुसार करा: एक अक्षांश-पट्टा पूर्ण बाजूला ठेवा आणि शेवटपर्यंत त्याला हात लावू नका. तुमची टक्केवारी खाली येईल, आणि ती खरी असेल. दुसरं, संगणकाने बनवलेल्या चित्रांवर शिकलेलं नेटवर्क खऱ्या कॅमेऱ्यासमोर अडखळतं. स्टॅनफर्डच्या गटाने २०२१ मध्ये उपग्रहाची दिशा ओळखण्यासाठी स्पीड प्लस हा संच जाहीर केला तो याच कारणासाठी: प्रशिक्षणाला सुमारे ६० हजार कृत्रिम चित्रं, आणि चाचणीला प्रयोगशाळेत प्रतिकृतीवर दिवे टाकून काढलेले साडेनऊ हजार खरे फोटो. विषय वेगळा असला तरी चाचणीची ही मांडणी जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. खऱ्या फोटोंसाठी चंद्रयान-२ च्या ओएचआरसी कॅमेऱ्याचे फोटो इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर मिळतात, एक पिक्सेल ३० सेंटिमीटरच्या आसपास. विवरांच्या नोंदीसाठी स्टुअर्ट रॉबिन्स यांनी केलेली १ किलोमीटरहून मोठ्या १३ लाखांवर विवरांची यादी वापरा. मात्र ती माणसाने केलेली आहे, झिजलेल्या विवराची कडा कुठे धरायची यावर जाणकारांतही मतभेद होतात, तेव्हा यादीतला मध्य अगदी अचूक समजू नका.

राहिलं लोणार. बेसाल्टमध्ये आघाताने तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर चंद्र-मंगळाच्या खडकांच्या अभ्यासाला फार मोलाचं आहे. तुमच्या कॅमेऱ्याच्या चाचणीला मात्र ते उपयोगाचं नाही. आत पाणी आहे, उतारावर झाडी आहे, वातावरणामुळे सावलीतही उजेड असतो, आणि विवर एकच आहे. शिवाय ते संरक्षित क्षेत्र आहे, परवानगीतच तुमचं सत्र जाईल.

त्याऐवजी कॉलेजमधली एक खोली काळ्या कापडाने पूर्ण अंधारी करा. एका मोठ्या ट्रेमध्ये कोरडं सिमेंट किंवा बारीक राख पसरा आणि वेगवेगळ्या आकारांचे गोल दाबून विवरं उमटवा, काही एकमेकांवर चढलेली, काही मुद्दाम कडा मोडलेली. ट्रेच्या चार कोपऱ्यांवर मोजणीच्या खुणा लावा, म्हणजे प्रत्येक विवराचा खरा मध्य तुम्हाला मिलिमीटरमध्ये माहीत असेल. एकच तीव्र दिवा घ्या, तो शक्य तितका दूर ठेवा, आणि भिंतींवरून उजेड परतणार नाही याची काळजी घ्या, कारण चंद्रावर सावली जवळपास पूर्ण काळी असते. दिवा ट्रेभोवती तीस-तीस अंशांनी फिरवा, प्रत्येक ठिकाणी वर सांगितलेल्या उंचींवर फोटो घ्या, आणि तोच बाणांचा आलेख काढा. संगणकी चित्रांवरचा आलेख आणि हा आलेख शेजारी ठेवल्यावर ज्या विवरांचे बाण जुळत नाहीत, तिथून प्रकल्पाचं पुढचं काम सुरू करा.